गवंड्याच्या हातचे घर : प्रस्तावना

खानदेशातल्या खेड्यात आज जे नवे घर बांधले जाते, ते बहुतेक वेळा एका माणसाच्या शब्दावर बांधले जाते. पाया किती खोल घ्यायचा, कॉलम कुठे काढायचा, सळई तीन सुती घ्यायची की चार सुती, स्लॅब कधी टाकायचा आणि सेंट्रिंग कधी सोडायचे, हे सगळे मिस्तरी सांगतो आणि घरमालक ऐकतो. अभियंत्याची सही कागदावर असते, पण बांधकामावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा असतो तो गवंडीच. एखाद्या शेतकऱ्याची किंवा नोकरदाराची आयुष्यभराची बचत आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे कर्ज त्याच्या थापीखाली असते. इतकी मोठी जबाबदारी वाहणाऱ्या या हुन्नराकडे आपण मात्र अजूनही अंगमेहनतीचे काम म्हणून पाहतो. हे पुस्तक त्या दृष्टीला उत्तर देण्यासाठी लिहिले आहे. गवंडीकाम हे ज्ञान आहे, ते शिकता येते, तपासता येते आणि त्याची किंमतही ठरवता येते, एवढेच मला सांगायचे आहे.

या लेखनाच्या मध्यभागी नरडाणा आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आहे आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावरही. तापी उत्तरेला जवळच वाहते. औद्योगिक वसाहत आल्यापासून इथे शेड, गोदामे आणि चाळी वाढल्या. बोरविहीर–नरडाणा हा मनमाड–इंदूर लोहमार्गाचा टप्पा इथेच येऊन मिळणार आहे. महामार्गालगत दुमजली दुकाने, गावठाणात अजून टिकलेली धाब्याची घरे, शिवारात घरकुले आणि वसाहतीत लोखंडी सांगाड्याचे कारखाने, अशी बांधकामाची सगळी वये इथे चालत फिरून पाहता येतात. गवंडीकामाचा अभ्यास करायला यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही.

या मुलखात बांधकामाचे ज्ञान जुने आहे. पायाखाली काळा पाषाण आणि मुरूम, नदीकाठी वाळू, शेतात काळी माती आणि गावाखाली पांढरी माती, या सामग्रीतून पिढ्यान्‌पिढ्या इथली घरे, मंदिरे, किल्ले आणि बंधारे घडले. तापीकाठच्या थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरींच्या इमारती आहेत. त्यांतली अष्टकोनी इमारत पाहताना दगड घडवणाऱ्या हातांची शिस्त आजही कळते. साक्री तालुक्यात बळसाण्याची मंदिरे आहेत, चाळीसगावजवळ पाटणादेवीचा परिसर आहे, एरंडोल तालुक्यात फरकांड्याचे झुलते मनोरे आहेत. नरडाण्याच्या जवळ, तापी आणि पांझरेच्या संगमावर, मुडावदचे कपिलेश्वर मंदिर आहे. राजांची आणि दात्यांची नावे शिलालेखांत आणि बखरींत सापडतात. ज्यांनी ओळंबा धरला त्यांची नावे क्वचितच सापडतात.

पण खानदेशी गवंड्याची खरी कसोटी मला देवळांपेक्षा फडाच्या बंधाऱ्यांत दिसते. पांझरा, कान यांसारख्या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी दगड-चुन्याचे बंधारे घातले गेले. नदीत उघडा पडलेला खडक शोधायचा, त्यावर बंधारा बसवायचा, काठाने पाट काढायचा आणि उताराच्या बळावर पाणी शेतांच्या फडांत न्यायचे, अशी ही पद्धत आहे. पुराचे पाणी अंगावरून जाऊ द्यायचे आणि तरी जागा सोडायची नाही, हे काम भिंतीला फार अवघड असते. साधा चुना हवेतला वायू शोषून हळूहळू कठीण होतो, पाण्याखाली तो नीट धरत नाही. म्हणून त्यात विटेची भुकटी, म्हणजे सुरकी, मिसळत. घाण्यात चुना दिवसच्या दिवस मळत. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ कामाप्रमाणे घालत. हे गवंड्याचे रसायनशास्त्र होते. 1884 मध्ये नोकरीला लागलेले तरुण अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच खानदेशात कामाला होते आणि दातर्ती येथील सायफनचे काम त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक ठरले. अभियंत्याचा आराखडा आणि स्थानिक कारागिराचा हात यांची गाठ इथे तेव्हापासून पडलेली आहे.

घरांची गोष्ट वेगळी. खानदेशातले जुने घर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या किंवा डबराच्या भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कडीपाट आणि सगळ्यांत वर खाऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ते ठोकून घ्यायचे, ही दरवर्षीची रीत. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा या घराच्या आत माणूस सुखाने बसू शकतो, कारण दीड-दोन फूट जाडीची भिंत दिवसाची उष्णता आत पोचायलाच रात्र करते. या घरात छताचा भार मुख्यत्वे लाकडी खांब उचलतात आणि भिंत आडोसा देते. म्हणजे खांब आणि तुळईचा सांगाडा खानदेशाला नवा नाही. आज आपण त्याला कॉलम आणि बीम म्हणतो. लाकडाच्या जागी सळई आणि काँक्रीट आले. सांगाडा आणि भिंत यांची गाठ कशी घालायची, हा प्रश्न मात्र तोच राहिला आणि तो सोडवण्याचे काम तेव्हाही गवंड्याचे होते, आजही आहे.

बदल आला तो रेल्वे आणि सिमेंटबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तापी खोऱ्यातून सुरतेचा लोहमार्ग टाकला गेला आणि घडीव दगडाच्या मोऱ्या, पुलांचे खांब, स्थानकांच्या इमारती यांतून ठरावीक मापाचे, ठरावीक दर्जाचे बांधकाम या भागाने पाहिले. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट 1824 मध्ये इंग्लंडच्या लीड्स शहरातल्या जोसेफ ॲस्पडिनने घेतले होते. हा माणूस पेशाने विटांचा गवंडी होता. जगभरच्या बांधकामाचे रूप पालटणारा शोध गवंड्याच्या घरातून निघाला, ही गोष्ट प्रत्येक शिकाऊ मिस्तरीला सांगावी अशी आहे. भारतात 1914 पासून पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंट नियमितपणे तयार होऊ लागले. खेड्यापर्यंत पोचायला त्याला आणखी कितीतरी दशके लागली. आज नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतच सिमेंट दळले जाते आणि गवंड्याच्या हातातली गोणी कधीकधी त्याच्याच तालुक्यातून आलेली असते.

सिमेंटने काम सोपे केले असे आपण धरून चालतो. चुना मळायला दिवस लागत, सिमेंटचा माल घटकेत कालवून होतो. चुन्याची भिंत सावकाश वाढे, आता महिन्यात मजला उभा राहतो. भार कॉलम-बीम उचलत असल्याने भिंतीचे महत्त्व संपले आणि गवंड्याचेही, असा समज यातून पसरला. मला तो चुकीचा वाटतो. चुन्याच्या भिंतीत चूक झाली तर ती दिसे आणि दुरुस्त होई. काँक्रीटमधली चूक पहिल्या दिवशी प्लायवुडच्या मागे आणि नंतर गिलाव्याच्या मागे लपते, आणि दहा वर्षांनी गंजलेली सळई फुगून कवच फोडते तेव्हा बाहेर येते. नव्या बांधकामात गवंड्याचे कौशल्य डोळ्याआड गेले आहे. जे डोळ्याआड असते त्याला अधिक ज्ञान आणि अधिक सचोटी लागते. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण याच एका म्हणण्याच्या आधाराने लिहिले आहे.

पहिली लपलेली जागा म्हणजे पाया. खानदेशाची काळी माती कापसाला वरदान आहे आणि घराला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि शिवारात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमिनीतल्या ओलाव्याचा हा ऋतुबदल सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवू शकतो. उथळ पाया घेतला तर घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. तिच्यात दरवर्षी सिमेंट भरले जाते आणि दरवर्षी ती पुन्हा उघडते. जाणता गवंडी आधी खड्डा खणून मुरूम कुठे लागतो ते पाहतो. मुरूम आवाक्यात असेल तर पाया तिथपर्यंत नेतो, खणलेली काळी माती परत न भरता मुरूम भरून ठोकतो, जोत्याच्या पातळीला सगळीकडून बीम फिरवतो आणि घराभोवती उताराची फरशी करून पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर नेतो. मुरूम खोल असेल तर अभियंत्याला बोलवा असे तो स्वतःहून म्हणतो. हे म्हणणे कमीपणाचे नाही. आपल्या ज्ञानाची हद्द ओळखणे हाच कसबी मिस्तरीचा पहिला गुण आहे.

दुसरी जागा म्हणजे सळईभोवतीचे काँक्रीट. पायात किमान 50 मिलिमीटर आणि स्लॅबमध्ये 20 मिलिमीटर कव्हर सोडायला आपली मानके सांगतात. कव्हर ब्लॉक न ठेवता सळई थेट सेंट्रिंगवर टेकली, की तिचा गंज त्याच दिवशी सुरू झाला असे समजावे. माल घट्ट वाटतो म्हणून बादलीभर पाणी ओतणे ही दुसरी सवय. ओतायला माल सोपा होतो, पण जादा पाणी उडून गेल्यावर मागे पोकळ्या राहतात आणि ताकद घटते.

तिसरी जागा भिंत आणि सांगाडा यांच्या सांध्यात आहे. वीट आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. बीमखालचा शेवटचा थर घाईने त्याच दिवशी भरला, तर खालची भिंत बसल्यावर वर फट पडते. तो थर काही दिवसांनी भरायचा, काँक्रीटच्या पृष्ठभागावर टाचे मारायचे, सांध्यावर जाळी ठोकायची आणि मगच गिलावा करायचा. वीट भिजवून घ्यायची, म्हणजे ती मालातले पाणी पिणार नाही. दरज सुमारे 10 मिलिमीटरची ठेवायची. भिंत एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही. नऊ इंची भिंतीला एकास सहाचा माल चालतो, साडेचार इंची भिंतीला एकास चारचा लागतो. या गोष्टी सांगायला एक मिनिट लागते. पाळायला प्रत्येक थराला ओळंबा आणि दोरी लावण्याचा संयम लागतो.

आणि चौथी जागा पाणी. सिमेंट पाण्याने कठीण होते. ते नुसते सुकले तर कच्चे राहते. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओल हवी आणि कोरड्या, उष्ण हवेत तर कोणत्याही काँक्रीटला 10 दिवसांपेक्षा कमी चालत नाही, असे मानक सांगते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या राखमिश्रित सिमेंटच्या असतात. खानदेशात बांधकामाचा हंगाम नेमका उन्हाळ्यात येतो, कारण शेतीची कामे आटोपलेली असतात आणि हातात पैसा असतो. त्याच दिवसांत विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि शिंदखेडा तालुक्यातल्या कितीतरी गावांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी स्लॅबवर वाफे करून पाणी भरणे, कॉलमला बारदान गुंडाळून ते ओले ठेवणे, आणि पाण्याची सोय झाल्याशिवाय स्लॅबची तारीखच न धरणे, यात गवंड्याची खंबीर भूमिका दिसते. घरमालकाला तारीख मुहूर्तानुसार हवी असते. त्याला थांबवण्याचे धैर्य हेही या पेशाचे अंग आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने महाराष्ट्राला भिंतीकडे नव्याने पाहायला लावले. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढून जड झालेली माळवदे अंगावर कोसळून गेली. त्या भिंतींना बाहेरून आणि आतून दगडाचे दोन पापुद्रे होते, मधे भर होती, आणि दोन्ही पापुद्र्यांना जोडणारे लांब दगड बहुतांशी नव्हते. असा आरपार दगड दर 60 सेंटिमीटर उंचीवर आणि आडव्या दिशेने 1.2 मीटरच्या आत बसवावा, जोते, दाराच्या वरची पातळी आणि छत इथे सलग पट्टे फिरवावेत, ही शिकवण त्यानंतर गवंड्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. खानदेशाने ती आपलीही मानली पाहिजे. तापीचे खोरे भूकंपाच्या नकाशावर तिसऱ्या विभागात दाखवले जात आले आहे आणि मार्च 1938 मध्ये सातपुड्यात मोठा भूकंप होऊन गेला आहे. धाब्याची घरे टिकवायची असतील, आणि ती टिकवावीत असे मला मनापासून वाटते, तर त्यांचे जड छत हलके करणे आणि भिंतींना बांध घालणे हे काम जाणत्या गवंड्याशिवाय होणार नाही.

सामग्रीही बदलते आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणची राख पूर्वी ओझे होती. 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर ती विटांत आणि सिमेंटमध्ये वापरण्यावर भर आला. या विटांसाठी शेतातली सुपीक माती खरवडावी लागत नाही. स्वीडनमध्ये शंभर वर्षांपूर्वी जन्मलेला हलका ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सर्रास सिपोरेक्स म्हणतात, वजनाने विटेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि उष्णता कमी आत सोडतो. पण तो विटेसारखा पाण्यात बुडवून जाड मालात बसवला की भिंतीला केसासारख्या भेगा पडतात; त्याला पातळ चिकट माल आणि वेगळी पद्धत लागते. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून दगडाचा चुरा वाळू म्हणून येतो; त्यातली धूळ किती हे बाटलीत पाणी घालून, हलवून, बसू देऊन पाहायला हवे. नवी वस्तू दुकानात आधी येते आणि तिची पद्धत बांधकामावर फार उशिरा पोचते. या मधल्या काळातले नुकसान घरमालक सोसतो आणि दोष गवंड्याच्या माथी येतो.

आता माणसांविषयी. दगड फोडणारे वडार, दगड घडवणारे पाथरवट, माती आणि चुन्याचे काम करणारे बेलदार, वीट पाडणारे कुंभार, या समाजांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. आज त्यात सर्व समाजांची मुले आहेत, सातपुड्याच्या पाड्यांवरून येणारे मजूर आहेत, आणि इथे काम शिकून सुरत, नाशिक, पुणे गाठणारे खानदेशी तरुणही आहेत. बहुतेकांचे शिक्षण एकाच वाटेने झालेले असते: आधी बिगारी म्हणून घमेली वाहायची, मग माल कालवायचा, मग उस्तादाच्या शेजारी बसून दोन विटा लावायच्या. ही वाट पुरुषांसाठी वर जाते. बाईसाठी ती घमेल्यापाशीच थांबते. डोक्यावर माल वाहून नेणारी, वाळू चाळणारी, सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारी बाई आयुष्यभर हे काम जवळून पाहते आणि तिच्या हाती थापी येत नाही. झारखंडमध्ये शौचालयांच्या बांधकामाच्या निमित्ताने बायकांनी गवंडीकाम शिकले आणि त्या राणी मिस्त्री म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. खानदेशात हे व्हायला अडचण कौशल्याची नाही, परवानगीची आहे.

कायद्याने या कामगाराला काही हक्क दिले. 1996 च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर ठरवला आणि त्यातून कल्याणाच्या योजना चालवायच्या असे ठरले. महाराष्ट्रात त्यासाठी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. 18 ते 60 वर्षे वयाच्या आणि वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. पण आज या गावी, उद्या त्या गावी काम करणाऱ्याने 90 दिवसांचा दाखला कुणाकडून आणायचा, या एका अडचणीवर अनेकांचे अर्ज अडतात. म्हणून रोजच्या कामाची वही ठेवण्याची सवय आणि तिचा नमुना यांसाठी या पुस्तकात एक वेगळे प्रकरण आहे.

प्रशिक्षणाची दारे पूर्वीपेक्षा उघडी आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ग्रामीण आवास योजनेत 45 दिवसांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष घरकुल बांधत दिले जाते. जर्मनीत गवंडी व्हायला तीन वर्षांची उमेदवारी लागते. त्यात आठवड्यांमागून आठवडे वर्ग आणि बांधकाम आलटून पालटून चालतात आणि शेवटी परीक्षा होते. तिथे या पेशाला जो मान आहे तो या शिस्तीतून आला आहे. आपल्या मुलाने गवंडी व्हावे असे खानदेशातल्या किती आईबापांना वाटते, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आणि उत्तरात बहुतेकदा मौनच मिळाले. पगारापेक्षा प्रतिष्ठेचा अभाव या मौनामागे जास्त आहे, असे माझे मत झाले आहे.

पुस्तकाची रचना घर बांधण्याच्या क्रमानेच केली आहे: जमीन, पाया, जोते, भिंत, सांगाडा, स्लॅब, गिलावा, पाण्याचा निचरा. त्यानंतर धाब्याच्या घरांची दुरुस्ती, हिशेब आणि कामगारांचे हक्क येतात. शब्द बांधकामावर बोलले जातात तेच ठेवले आहेत. मिस्तरीने पुस्तक सलग वाचले तर उत्तम. घरमालकाने निदान पाया आणि पाण्याचा निचरा ही दोन प्रकरणे काम सुरू होण्याआधी वाचावीत.

शेवटी एक मागणी, जी हे पुस्तक लिहिताना पक्की होत गेली. घरकुलावर लाभार्थ्याचे नाव आणि योजनेचे नाव लिहिले जाते. त्याच पाटीवर गवंड्याचे नाव आणि बांधकामाचे वर्षही लिहावे, आणि ग्रामपंचायतीच्या घरनोंदीतही ते यावे. नरडाण्यासारख्या गावाने ठरवले तर त्याला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. ज्याचे नाव कामावर आहे तो पाण्याचा एक दिवसही चुकवणार नाही, आणि चांगले घर पाहून पुढचा घरमालक त्याच नावाचा शोध घेत येईल. गवंड्याला मान द्या असे नुसते म्हणण्यापेक्षा ही एक ओळ जास्त काम करील.